परतून येणारे नैराश्य : मेंदूचे संशोधन आणि पालि परंपरेची साक्ष

देवगडपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर मनाच्या आजाराला स्वतंत्र नाव क्वचितच दिले जाते. माणूस 'गप्प झाला', 'त्याची अन्नावरची वासना गेली', 'होडीवर जाईनासा झाला' एवढेच सांगितले जाते. असे पहिल्यांदा घडते तेव्हा घर, वाडी आणि विहारातील उपासक-उपासिका त्या माणसाच्या पाठीशी उभ्या राहतात. काही महिन्यांनी तो बरा होतो. परंतु वर्ष-दोन वर्षांनी तेच 'परत' सुरू झाले की भाषा बदलते. सहानुभूतीची जागा कंटाळा घेतो. कोणी देवस्की आणि बाधेकडे बोट दाखवितो, कोणी पूर्वकर्माचा हिशेब मांडतो आणि कोणी 'याला बरे व्हायचेच नाही' असा निवाडा देऊन मोकळा होतो. आजार पहिल्यांदा आला तेव्हा तो दुःख होता. परतला की तो दोष ठरतो.

पहिल्यांदा उद्भवणारे नैराश्य आणि परतून येणारे नैराश्य ही खरोखर एकच गोष्ट आहे काय, हा प्रश्न आज मेंदूचे संशोधक विचारीत आहेत. या प्रश्नाचा इतिहास शंभर वर्षांहून मोठा आहे आणि त्याच्या एका टप्प्यावर तथागतांच्या शिकवणीतून निघालेली एक साधना वैद्यकाच्या कसोटीला उतरलेली आहे. प्रस्तुत लेखात हा इतिहास क्रमाने मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. 'आमच्या ग्रंथांत हे सारे आधीच सांगितले आहे' असे म्हणण्याचा सोपा मार्ग आम्ही टाळणार आहोत. तो मार्ग बुद्धाचाही नव्हे आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचाही नव्हे.

नावाचा इतिहास

जर्मन मनोरोगतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन याने आपल्या पाठ्यग्रंथाच्या 1899 सालच्या सहाव्या आवृत्तीत मनोविकारांची जी मांडणी केली, तिचा आधार एका वेळची लक्षणे एवढाच नव्हता. आजाराचा दीर्घकालीन प्रवाहही त्याने पाहिला. रोगी बरा होतो काय, बरा झाल्यावर पुन्हा आजारी पडतो काय, या प्रश्नांना त्याने महत्त्व दिले. येऊन-जाऊन राहणाऱ्या विषण्णतेला त्याने उन्मादासह एकाच मोठ्या गटात घातले. पुढे 1966 साली ज्यूल्स आंग्स्ट आणि कार्लो पेरिस या दोघांच्या स्वतंत्र अभ्यासांनी केवळ नैराश्याचा आजार आणि उन्माद-नैराश्याचा आजार हे दोन भिन्न आहेत या विचाराला बळ दिले. अमेरिकन मनोरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 साली काढलेल्या वर्गीकरणात 'एकदाच आलेले' आणि 'वारंवार येणारे' असे नैराश्याचे दोन भाग पडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1992 सालच्या दहाव्या वर्गीकरणात तर या दोहोंना वेगवेगळे क्रमांकच मिळाले.

हा भेद करण्यामागे अनुभव होता. अमेरिकन वर्गीकरणाच्या 1994 सालच्या आवृत्तीत असे नमूद होते की, एकदा नैराश्य आलेल्यांपैकी किमान निम्म्यांना ते दुसऱ्यांदा येते. दोनदा आलेल्यांपैकी सुमारे 70 टक्क्यांना तिसऱ्यांदा, आणि तीनदा आलेल्यांपैकी सुमारे 90 टक्क्यांना चौथ्यांदा. हे आकडे मुख्यतः मोठ्या रुग्णालयांत येणाऱ्या, म्हणजे तीव्र आजाराच्या रुग्णांवरून काढलेले असल्यामुळे सर्वसाधारण समाजात ते याहून कमी असावेत, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखविले. तरीही प्रत्येक उद्भवानंतर पुढच्या उद्भवाची शक्यता वाढते ही दिशा कायम राहिली.

ठिणगी आणि वणवा

असे का व्हावे? 1992 साली रॉबर्ट पोस्ट या अमेरिकन संशोधकाने एक उपपत्ती मांडली. प्राण्यांच्या मेंदूला सौम्य विद्युत्प्रेरणा पुन्हापुन्हा दिली तर प्रारंभी काहीच घडत नाही. परंतु काही काळाने तेवढ्याच प्रेरणेने झटके येऊ लागतात आणि शेवटी प्रेरणेवाचूनही येतात, हे प्रयोगशाळांत आधीच दिसले होते. नैराश्याचेही असेच असावे, असे पोस्ट यांनी सुचविले. पहिला उद्भव बहुधा मोठ्या आघातानंतर होतो : जवळच्या माणसाचा मृत्यू, रोजगार जाणे, घर मोडणे. परंतु प्रत्येक उद्भव मेंदूत काही खूण ठेवून जातो आणि पुढच्या वेळी लहानशी ठिणगीही पुरते.

या उपपत्तीची एक कसोटी केनेथ केंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केली. जुळ्या भगिनींच्या मोठ्या समूहाचा दीर्घकाळ अभ्यास करून त्यांनी दाखविले की, जीवनातील आघात आणि नैराश्याचा प्रारंभ यांतील संबंध पूर्वीच्या उद्भवांची संख्या वाढेल तसा सैल होत जातो. सुमारे नऊ उद्भवांपर्यंत ही घसरण चालते.

याचा अर्थ किनाऱ्यावरील घरांच्या भाषेत सांगावयाचा तर असा : 'मागल्या वेळी त्याचा बाप गेला होता, तेव्हा समजण्यासारखे होते, आता काय झाले?' हा जो प्रश्न विचारला जातो, तोच चुकीच्या गृहीतावर उभा आहे. परतणाऱ्या नैराश्याला दर वेळी दिसण्यासारखे कारण लागतेच असे नाही. कारण दिसत नाही म्हणून आजार खोटा ठरत नाही.

मेंदूची साक्ष, आणि तिच्या मर्यादा

मेंदूची छायाचित्रे घेण्याची साधने आल्यावर हा भेद प्रत्यक्ष पाहता येईल अशी आशा निर्माण झाली. कॅनडातील ग्लेंडा मॅक्वीन यांच्या गटाने 2003 साली पहिल्याच उद्भवातील आणि अनेक उद्भव झालेल्या रुग्णांची तुलना केली. स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग अनेक उद्भव झालेल्यांत आकाराने लहान आढळला. पहिल्या उद्भवातील रुग्णांत तसे आढळले नाही. मात्र स्मरणाच्या चाचणीत दोन्ही गट मागे होते. अर्थात कार्यातील बिघाड आधी दिसला आणि आकारातील बदल केवळ नंतरच्या गटात. 2016 साली अनेक देशांतील संशोधकांनी 1,728 रुग्ण आणि 7,199 निरोगी व्यक्ती यांची माहिती एकत्र केली, तेव्हाही हिप्पोकॅम्पसचा लहानपणा वारंवार नैराश्य येणाऱ्यांत दिसला, पहिल्या उद्भवातील रुग्णांत दिसला नाही.

दुसरा धागा मेंदूच्या क्रियेचा आहे. माणूस काहीही काम न करता स्वस्थ पडून असतो तेव्हा मेंदू स्वस्थ नसतो. त्या वेळी मेंदूचे काही विशिष्ट भाग एकमेकांशी ताल धरून क्रियाशील असतात, असे मार्कस रेकल यांच्या गटाने 2001 साली मांडले. या जालास 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' म्हणतात; आपण त्यास विश्रामकालीन जाल म्हणू. स्वतःविषयीचे विचार, गतकाळाची उजळणी, 'माझे असे का झाले' हे घोळवणे यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. साहजिकच नैराश्याच्या अभ्यासकांचे लक्ष त्याकडे गेले. परंतु लहान लहान अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी निघत राहिले.

2019 साली चीनमधील 25 संशोधक गटांनी आपली माहिती एकत्र आणली : 1,300 रुग्ण आणि 1,128 निरोगी व्यक्ती. छाननीनंतर 848 रुग्ण आणि 794 निरोगी व्यक्तींच्या तुलनेत असे दिसले की, रुग्णांच्या विश्रामकालीन जालातील परस्परसंबंध क्षीण झालेला आहे. आणि हा क्षीणपणा केवळ वारंवार नैराश्य येणाऱ्यांत आहे. पहिल्या उद्भवातील, औषध न घेतलेल्या रुग्णांत तो नाही. येथपर्यंत वाचून 'पुनरावृत्तीने मेंदू बदलतो' असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्याच संशोधकांनी पुढे नोंदविले आहे की, हा क्षीणपणा औषधसेवनाशी निगडित होता, आजार किती काळ आहे याच्याशी नव्हता. वारंवार आजारी पडणारे रुग्ण बहुधा औषध घेत असतात. तेव्हा दिसणारा फरक आजाराच्या परतण्याचा की औषधाचा, आणि औषधाचा असेल तर तो अपाय की उपचाराचाच मार्ग, हे या पाहणीवरून ठरत नाही.

वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे सारे फरक समूहांच्या सरासरीचे आहेत. एखाद्या व्यक्तीच्या मेंदूचे छायाचित्र काढून तिचे नैराश्य पहिले की परतलेले, किंवा ते पुन्हा येईल की नाही, हे सांगता येत नाही. कोणी तसे सांगून पैसे घेत असेल तर तो विज्ञानाच्या नावाने नवी देवस्कीच करीत आहे.

स्मृतिसाधनेची कसोटी

पालि 'सति' या शब्दासाठी टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी 1881 साली आपल्या सुत्तानुवादांत 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी शब्द योजला. आमच्या मराठीत धर्मानंद कोसंबींसारख्यांच्या लेखनाने 'स्मृति' हा शब्द रूढ केला. गोव्यातील साखवाळच्या या पंडिताने 1897 साली 'बालबोध' मासिकातील बुद्धचरित्र वाचले आणि त्यातून पुढे सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेशापर्यंतचा प्रवास केला. त्यांचे 'समाधिमार्ग' हे पुस्तक 1925 सालचे आहे. ब्रह्मदेश आणि सिंहलद्वीप येथील भिक्षूंनी जिवंत ठेवलेली ही साधना विसाव्या शतकात पश्चिमेकडे गेली आणि 1979 साली जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स येथील वैद्यकीय महाविद्यालयात ती दीर्घ वेदनांच्या रुग्णांना शिकविण्यास आरंभ केला.

जॉन टीसडेल, मार्क विल्यम्स आणि झिंडेल सेगल या तीन मानसशास्त्रज्ञांनी तिचा उपयोग नेमका परतणाऱ्या नैराश्यासाठी केला. टीसडेल यांचे मत असे होते की, ज्याला पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे त्याच्या मनात साध्या खिन्नतेनेही जुन्या विचारांची संपूर्ण मालिका जागी होते. खिन्नता सर्वांनाच येते. तिच्यामागून 'मी निरुपयोगी आहे' ही मालिका मात्र पूर्वी पोळलेल्याच्याच मनात धावत येते. म्हणून मनुष्य बरा असतानाच त्याला विचाराकडे विचार म्हणून पाहण्याचा अभ्यास द्यावा, अशी आठ आठवड्यांची योजना त्यांनी केली.

2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत 145 व्यक्ती होत्या. सर्वांना पूर्वी किमान दोनदा नैराश्य आलेले होते आणि त्या वेळी सर्व बऱ्या होत्या. तीन किंवा अधिक उद्भव झालेल्यांपैकी नेहमीचेच उपचार घेणाऱ्या 66 टक्के व्यक्तींना साठ आठवड्यांत आजार परतला. स्मृतिसाधना शिकलेल्यांत हे प्रमाण 37 टक्के होते. परंतु ज्यांना दोनदाच नैराश्य आले होते त्यांना या साधनेचा काहीही लाभ दिसला नाही. 2004 सालच्या 75 व्यक्तींच्या चाचणीतही हाच नमुना दिसला. शिवाय दोनदा आजारी पडलेले आणि तीनदा आजारी पडलेले हे एकाच वाटेवरचे पुढचे-मागचे प्रवासी नसून मुळातच भिन्न गट असावेत असेही दिसले : अधिक वेळा आजारी पडणाऱ्यांत आजार लहान वयात सुरू झालेला होता आणि त्यांचे बालपण अधिक खडतर होते. म्हणजे पुनरावृत्तीमुळे काहीतरी बदलते ही एक शक्यता. आणि ज्यांना नैराश्य परतावयाचे ते प्रारंभापासूनच वेगळे ओझे घेऊन आलेले असतात ही दुसरी. या वादाचा निर्णय अद्याप लागलेला नाही.

2015 साली इंग्लंडमध्ये 424 रुग्णांवर झालेल्या चाचणीत स्मृतिसाधनेसह औषध हळूहळू कमी करणारे आणि औषध चालू ठेवणारे अशी तुलना झाली. दोन वर्षांत पहिल्या गटात 44 टक्के आणि दुसऱ्या गटात 47 टक्के लोकांना आजार परतला. साधना औषधाहून श्रेष्ठ ठरली नाही. जवळजवळ तोलाची ठरली. हे यश लहान नव्हे. परंतु ते वैद्यांच्या देखरेखीखाली, बऱ्या झालेल्या माणसांत, क्रमाने औषध कमी करून मिळालेले यश आहे. 'ध्यान करा, गोळ्या टाका' असा त्याचा अर्थ करणे म्हणजे सत्याचा विपर्यास करणे होय.

पालि परंपरा काय सांगते

पालि वाङ्मयात 'नैराश्य' हे आजच्या वैद्यकाच्या अर्थाने नाही. सोक, परिदेव, दोमनस्स, उपायास हे शब्द आहेत. त्यांना आजच्या निदानाशी जुळविणे योग्य नव्हे. तरीही तीन साक्षी येथे उपयोगी पडतात.

पहिली साक्ष 'अनुसय' या संकल्पनेची. उसळून वर आलेला विकार तो परियुट्ठान, आणि तळाशी निजलेली त्याची प्रवृत्ती तो अनुसय. मज्झिमनिकायाच्या महामालुंक्यसुत्तात उताण्या निजलेल्या तान्ह्या मुलाचे उदाहरण आहे : त्याला विकार काय हे कळतही नाही, तरी प्रवृत्ती त्याच्या ठायी असते. संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात दोन बाणांची उपमा येते. शरीराला लागलेला पहिला बाण वेदनेचा. त्यावर शोक करीत मनाला लागलेला दुसरा. त्याच ठिकाणी असेही म्हटले आहे की, दुःखवेदनेशी झगडणाऱ्याच्या मनात पटिघाचा अनुसय तळाशी राहतो. विकार शमला म्हणजे प्रवृत्ती संपली असे नाही, हा भेद आमच्या परंपरेने स्पष्ट केला होता. तो मुक्तीच्या मार्गाचा विचार होता, मेंदूचा नव्हे. पण बरा दिसणारा मनुष्य पुन्हा का पडतो हे समजून घेण्यास तो आजही साहाय्यक आहे. द्वेधावितक्कसुत्तात सांगितल्याप्रमाणे मनाने जे पुन्हापुन्हा घोळवावे त्याकडेच त्याचा कल होतो. टीसडेल यांचे निरीक्षण याहून फार दूर नाही.

दुसरी साक्ष विनयातील गग्ग भिक्खूची. महावग्गाच्या उपोसथखंधकात येते की, हा भिक्खू उन्मत्त झाला होता; कधी त्याला उपोसथाचे स्मरण राही, कधी राहत नसे; कधी तो येई, कधी येत नसे. त्याचा आजार उन्मादाचा होता, नैराश्याचा नव्हे. पण तो येऊन-जाऊन राहणारा होता हे महत्त्वाचे. संघाने त्याला घालविले नाही. त्याच्यासाठी विधिपूर्वक संमती दिली गेली : तो आला तरी आणि न आला तरी संघकर्म दूषित होणार नाही. पुढे चुल्लवग्गात कथा येते की, गग्ग बरा झाल्यावर काही भिक्खू त्याच्या आजारातील वर्तनावरून त्याला दोष देत राहिले. 'मला आठवत नाही, मी तेव्हा भानावर नव्हतो' असे तो सांगे, तरी ते थांबेनात. तेव्हा तथागतांनी 'अमूळ्हविनय' हा नियम दिला : जो आता भानावर आहे त्याला आजारात घडलेल्या गोष्टींवरून छळू नये. बरा झालेल्या माणसाच्या मागे त्याचा आजार लावून देण्याची प्रवृत्ती अडीच हजार वर्षे जुनी आहे. तिच्याविरुद्ध केलेला नियमही तितकाच जुना आहे.

तिसरी साक्ष कर्माविषयीची. मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना विचारले की, माणूस जे काही भोगतो ते सर्व पूर्वकर्मानेच काय? संयुत्तनिकायातील उत्तर निःसंदिग्ध आहे. पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, आहारविहारातील विषमता, बाह्य आघात अशी कारणे तथागत मोजतात. कर्मविपाक हे आठातील एक. सर्व काही पूर्वकर्माने घडते म्हणणारे प्रत्यक्ष अनुभवाच्या पलीकडे जातात असे ते सांगतात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताची जी परखड चिकित्सा केली, ती याच वृत्तीची आहे. ज्या समाजाला शतकानुशतके 'हे तुमच्या पूर्वकर्माचे फळ' असे सांगून चिरडले गेले, त्या समाजाच्या घरात आजारी माणसाला तेच वाक्य ऐकविले जावे, याहून मोठी विसंगती नाही.

किनाऱ्यावरील कर्तव्य

सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. परंतु मनोरुग्णालय मात्र जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी, 1886 सालापासून चालत आलेले, रत्नागिरीतच आहे. दक्षिणेकडील अनेक कुटुंबे गोव्यात बांबोळीची वाट धरतात. अंतर, प्रवासखर्च आणि 'वेड्यांच्या इस्पितळात नेले' हा शिक्का या तिन्हींमुळे पहिल्या उद्भवानंतर उपचार अर्धवट सुटतो. सर्वसाधारण वैद्यकीय मत असे की, बरे वाटू लागल्यानंतरही औषध सुमारे सहा ते नऊ महिने चालू ठेवावे आणि वारंवार आजार येत असेल तर दोन वर्षे किंवा अधिक. थांबवावयाचे ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. बरे वाटताच गोळ्या बंद करणे हे परतीच्या आजाराला दार उघडे ठेवणे आहे.

मात्र सर्व काही तज्ज्ञांवरच अवलंबून नाही, याचा उत्तम पुरावा तेरेखोल नदीपलीकडेच मिळाला. 1996 साली गोव्यात स्थापन झालेल्या 'संगत' या संस्थेने तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांची चाचणी घेतली. ती 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. समुपदेशक होते ते मनोरोगाचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेले, परंतु नीट प्रशिक्षित केलेले स्थानिक लोक. सहा ते आठ भेटी, प्रत्येक सुमारे अर्ध्या तासाची. त्यांत रुग्णाला पुन्हा लहान लहान कामांत, माणसांत, दिनक्रमात आणण्यावर भर. तीन महिन्यांनी समुपदेशन लाभलेल्यांपैकी 64 टक्के आणि इतरांपैकी 39 टक्के आजारातून बाहेर आले होते. वर्षानंतरही लाभ टिकून होता. आमच्या वाड्यांतील शिकलेल्या मुली आणि मुले हे काम शिकू शकणार नाहीत असे कोण म्हणेल?

तेव्हा विहारांनी काय करावे? पहिला उद्भव आलेल्यास डॉक्टरांकडे पोहोचवावे आणि औषध पुरे होईपर्यंत त्याची विचारपूस ठेवावी. ज्यास आजार परतून येतो त्यास दोष न देता त्याच्या परतीच्या खुणा घरच्यांना ओळखावयास शिकवावे : झोप मोडणे, कामातून मन उडणे, माणसे टाळणे. तीव्र आजाराच्या दिवसांत त्याला दीर्घ ध्यानास बसवू नये; बरा असताना, वैद्यांना सांगून, जाणत्या शिक्षकाकडे साधना द्यावी. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणाच्या तोंडी आली तर ती हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये. शासनाने 2022 साली सुरू केलेला 'टेली-मानस' हा मोफत दूरध्वनी क्रमांक 14416 प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहिलेला असावा.

किनाऱ्यावरील रापण एकट्याने ओढता येत नाही. दोर धरणारे हात दोन्ही बाजूंना लागतात आणि एखाद्या दिवशी जाळे रिकामे आले म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी दोर सोडीत नाही. परतून आलेल्या आजाराच्या वेळीही हेच लागते. गग्ग आला तरी संघ पूर्ण होता, न आला तरी पूर्ण होता. पण त्याची जागा कोणी काढून घेतली नव्हती. आमच्या विहारांत ही जागा राखून ठेवणे आमच्या हातात आहे.